घरचा महिना, घाटावरचा महिना

डिसेंबर १९९८मधली ती सकाळ साधीच होती. बाबा दशाश्वमेध घाटावरून स्नान करून आले, चहा मागितला आणि पेन्सिल घेऊन माझ्या कोडचे छापील कागद तपासायला बसले. त्यांनी पाठशाळेत चाळीस वर्षं ज्योतिष शिकवलं होतं. मी जावास्क्रिप्टमध्ये तिथी काढणारी लायब्ररी लिहीत होते; कोणीही फुकट घ्यावा, आपल्या वेबपानाला जोडावा असा छोटा, खुला कोड.

पहिल्या आवृत्तीत तिथी रोज एकेक पुढे सरके. "नोकरीला लागली आहे का ती, मृणाल? रोज हजेरी लावते!" असं म्हणून बाबांनी मला क्षयतिथी, म्हणजे एकही सूर्योदय न पाहता संपणारी तिथी, शिकवली. ती १.१मध्ये आली, पण सूर्योदय काशीचाच राहिला. डर्बनहून एकाची तक्रार आली, १.२मध्ये कोड गाव विचारू लागला. आणि आता १.३. पौर्णिमेनंतरच्या ज्या पंधरवड्याला आमच्या मराठी घरात मार्गशीर्ष म्हणतात, त्यालाच बनारस पौष म्हणतं. दोन्ही पद्धती बाबांनी बसवून दिल्या.

त्या सकाळी त्यांनी १.३ची टिपणं वाचली. "'छापील पंचांगाशी ताडून पाहिले.' हे छापील पंचांग म्हणजे मी वाटतं?"

"हो. जुनी आवृत्ती."

"बांधणी खिळखिळी झाली आहे गं, पण गणित चोख आहे."

मी हसले. लायब्ररीच्या कर्त्यांच्या यादीत माझं एकटीचंच नाव होतं आणि मला ते तसंच आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच बाबा गेले. मार्गशीर्ष वद्य नवमी.

तेरावं झाल्यावर वर्षश्राद्धाची तारीख काढायला मी १.३ उघडली. पद्धत सांगायची विसरले, तरी तिने मुकाट्याने मराठी पद्धत धरून तारीख दिली. आमच्यासाठी ती बरोबर होती. बनारसी पद्धत पाळणाऱ्या शेजारच्या मिश्रांची तारीख मात्र याच चुकीने महिन्याभराने पुढे गेली असती. बाबांना कोणी महिना विचारला, की ते आधी विचारायचे, "कुठल्या घरचा?"

जानेवारीत २.० काढली. पद्धत सांगितल्याशिवाय ती आता उत्तर देत नाही, उलट विचारते. जुनी वेबपानं मोडली. रागाची सात पत्रं आली. मी बदल मागे घेतला नाही.

टिपणांतलं 'छापील पंचांगाशी ताडून पाहिले' हे वाक्य मात्र खोडलं. कर्त्यांच्या यादीत वरती रत्नाकर हे बाबांचं नाव लिहिलं, खाली माझं. मग त्यांच्या पेन्सिलीकडे बघत मोठ्याने म्हणाले,

"बाबा, छापील पंचांग मी कधी उघडलंच नाही. सगळं तुम्हीच सांगितलंत."