निळ्या तलावाचा तळ

पिंपळनेरकडच्या त्या पाझर तलावाच्या काठावर सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा नव्हती. पाणी निळंशार झळकत होतं. बाया-बापे आजारावरचं तीर्थ म्हणून डबे भरत होते. चौथऱ्यावरून महाराज ओरडत होते, "उपग्रहालाही देवीआईचं तेज दिसलं! विज्ञानानं हात टेकले!" हातात फ्रेममधला फोटो, तपकिरी रानात एक निळा ठिपका.

गिरधरने फोटो ओळखला. उपग्रहचित्रांच्या कार्यालयात पंधरा वर्षं नोकरी करणाऱ्या त्यानेच तो गावच्या शाळेला दिला होता. त्याला राग आला नाही, नुसता थकवा आला.

घरी बहीण वच्छलाबाई खोकत होती. क्षयाच्या गोळ्या तिने दोन महिन्यांपूर्वी सोडल्या होत्या.

"अक्का, गोया कसाले बंद कर्‍या?"

"पानीमा देवी शे, भाऊ. तुन्हा फोटोमा बी दिसस."

गिरधरने काळी घोंगडी उचलली आणि तिला घेऊन तलावावर गेला. आधी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं. पाणी बिनरंगी.

"बाहेर काढलं की तेज जातं," महाराज म्हणाले.

गिरधर वाद घालत बसला नाही. छातीभर पाण्यात शिरून त्याने घोंगडी तळाशी अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले. लाटा निवल्या. घोंगडीवरचं पाणी काळं दिसत होतं, भोवतालचं निळं.

"पाणी तेच आहे," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी महाराजांनी सेवा म्हणून तुमच्याकडून गाळ काढून घेतला. खालची पांढरी चुनखडी उघडी पडली. ऊन तळावर आपटून परत येतं. येता-जाता पाणी त्यातला तांबडा उजेड शोषतं, निळा उरतो. उपग्रहाला वरून पाणी आणि तळ वेगळे कळत नाहीत. समुद्रातल्या प्रवाळांची उपग्रहचित्रं बघताना कार्यालयात आम्हीही असेच फसलो. पांढऱ्या वाळूचा उजेड पाण्याचाच धरला. शेवटी होडीने जाऊन तळ बघावा लागला."

म्हातारे उखर्डूआबा डबा घेऊन उभेच राहिले. "म्हंजे गाळ आम्हीच काढा, नि फसनूत बी आम्हीच?"

"हो, आबा."

महाराज फोटो काखेत मारून निघाले. निम्म्या लोकांनी तरीही डबे भरलेच. गिरधरने त्यांना अडवलं नाही. तेवढं बळ उरलं नव्हतं.

वच्छलाबाई हळूच म्हणाली, "भाऊ, दवाखानामा चाल."

डॉक्टरांनी औषध पहिल्यापासून सुरू केलं. दोन महिने वाया गेले होते. बाहेर बाकावर आबा भेटले, नातीला घेऊन आलेले. गिरधर त्यांना म्हणाला, "तलावाचं पाणी शेताला द्या, ढोरांना पाजा. पण आजाराला डॉक्टरच बघा. आणि नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी एकदा विचारा, हे कशामुळे?"