दुसऱ्या वर्षाचं गाव

धोंडिराम चहा घेऊन आत आला, तसे अंजनाबाईंनी टेबलावरचे कागद पालथे घातले.

सांगलीच्या एका कॉलेजात बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या; त्यांच्या प्रयोगशाळेत तो लग्नाआधीपासून शिपाई होता. कागदांत काय आहे, हे त्याला ऐकून ठाऊक होतं. बाई आखत असलेली, बी.एस्सी.नंतरची दोन वर्षांची नवी पदवी. पहिल्या वर्षी पाणी, माती, कायदा. दुसऱ्या वर्षी एखाद्या गावात राहायचं आणि तिथल्या नदीची, रानाची बाजू सरकारपुढं मांडायला शिकायचं. आणीबाणीत असलं काही आखणं म्हणजे विस्तवाशी खेळ. इतिहासाच्या सरांना पोलिसांनी चालू तासावरून उचललं, तेव्हापासून कॉलेजात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होता.

"बाई, दुसऱ्या वर्साला गाव कंचं धरलंय?"

"तुला कशाला हवंय?"

"न्हाई, आपलं असंच."

असंच नव्हतं. त्याच्या गावाच्या वरच्या अंगाला साखर कारखाना होता. मळीचं पाणी ओढ्यातून विहिरीत उतरायचं. त्याच्या आईचे, बनाबाईचे, हातपाय खाजून रक्ताळायचे. पण भाऊ त्याच कारखान्यात कामाला. बाईंना सांगावं आणि त्यांच्या तोंडून भलतीकडं गेलं तर? तो कप ठेवून बाहेर पडला. आठवड्यानं मात्र न राहवून त्यानं पुन्हा तेच विचारलं.

महिनाअखेरीला त्याची बदली झाली, संस्थेच्या जतच्या शाळेत. प्राचार्यांनी कारण सांगितलं नाही. व्हरांड्यात अंजनाबाई समोरून आल्या आणि नजर चुकवून वर्गात शिरल्या, तेव्हा त्याला कारण कळलं.

आणीबाणी उठली. पदवीला मंजुरी मिळाली. एका दुपारी बाई स्वतः एसटीनं जतला आल्या. त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो करत म्हणाल्या, "तुमचं गाव कुठलं आणि तिथल्या विहिरींचं काय झालंय, ते परवा कळलं. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भाऊ कारखान्यात हाय. तुमी कुनाला बोलला असता तर?"

"मला वाटलं, तुम्ही पोलिसांना..."

"ठावं हाय मला."

"परत चला. प्राचार्यांशी बोलले आहे मी."

"नगं, बाई. मला बघून तुमी बोलता बोलता थांबणार. मुद्दाम न्हाई, आपसूक. आन् मला त्ये कळणार."

"मग गाव?"

"गाव घ्या की! गावानं काय केलंय? भावाला मी सांगतो."

दोन दिवस शाळेत पाण्याचा टँकर आला नव्हता. बाई उठल्या, तसं त्यानं रांजणात वाकून तळाचं पाणी तांब्यात घेतलं. बाई नको नको म्हणाल्या.

"लांब जायचंय. प्या. चांगलं हाय पाणी."

बाई घोट घोट पीत राहिल्या. मधली सुट्टी संपत आली होती. धोंडिराम टोपी नीट करून घंटा द्यायला गेला.