गुरुवारची नर्गिस

गुरुवारी दुपारी शिराझच्या रस्त्यावर कुणाच्या हातात नर्गिसच्या फुलांची जुडी दिसली, की लोक जरा बाजूला होऊन वाट देतात. कोण गेलं, हे विचारायचं कारण नसतं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं असतंच, आणि गुरुवारची दुपार त्यांची. कबर धुवायची, गुलाबपाणी शिंपडायचं, फुलं ठेवायची, हलवा वाटायचा. हे महनूशला लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही तिनं स्वतःसाठी पहिली जुडी घेतली ती गुरुवारीच, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

पण दुसऱ्या कुठल्या वारी घेणार होती ती? बाकीचे दिवस ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात. लोकांच्या हिरड्यांचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. अंधार पडल्यावर सुटका झाली की केसांत पांढरी भुकटी, नाकात रसायनाचा उग्र वास, आणि डोक्यात पुढचं सुरू. धाकट्या बारबोदला पाळणाघरातून उचलायचा, थोरल्या रास्ताचं गणित घ्यायचं, भात भिजत घातलाय का, गाडीत पेट्रोल आहे का. नवरा, सियामक, दक्षिणेला समुद्रकाठच्या गॅसप्रकल्पावर. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी, आणि घरी असला की निम्मा वेळ घोरत. महनूशच्या पायाला भिंगरी होती म्हणा ना. गंमत म्हणजे ती बसली तरी भिंगरी थांबायची नाही. मांडीवर ताट घेऊन जेवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असायचा. रास्ता आईला म्हणायची, "मामान, तुझ्या पायानं टेबलावरचा चहा सांडतोय."

गुरुवारी मात्र अर्धा दिवस. थंडी नुकती पडायला लागली होती. चौकात गाड्या तुंबलेल्या, आणि फुलवालीनं काचेवर टकटक करून एक जुडी सरळ नाकासमोर धरली. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी वाटी, देठांना ओला कागद गुंडाळलेला. वास असा आला, की कवळ्यांचा वास म्हणे मी निघतो. महनूशनं जुडी घेतली आणि मागच्यानं हॉर्न वाजवेपर्यंत तिला हिरवा दिवा दिसलाच नाही.

हे माझं, असं तिच्या मनात आलं, आणि चोरी केल्यासारखं वाटलं.

तिनं सगळं ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी, लोणच्याची रिकामी बरणी, शेजारी ती एकच लाकडी खुर्ची. पेलाभर चहा, आणि तो संपेपर्यंत कुणीही 'मामान' म्हणून हाक मारायची नाही. बस्स. एवढंच. माणसं पंधरवडाभर समुद्रावर जाऊन राहतात. तिला एक पेला चहा हवा होता.

घरी येऊन तिनं जुडी बादलीत ठेवली आणि बारबोदला आणायला धावली. परत आली तर बादलीत नुसतं पाणी.

तासाभरानं सासू कबरस्तानातून परत आली, मैत्रीण अक़दसच्या लेकाच्या गाडीतून, थंडीनं गाल लाल झालेली. सासू म्हणजे इशरत खानम. घरात सगळे तिला बीबीच म्हणत. सासरे मनूचेहर आगा वारल्यापासून ती यांच्याकडेच राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बीबीनं सुनेला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'रास्ताची आई' म्हणायची, तेही बहुधा पाठ फिरवून. त्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी महनूशचं तोंड धरलं आणि कपाळाचा मुका घेतला.

"महनूशजान! माझी पोर ती! एवढ्या धबडग्यात तुला त्यांची आठवण राहिली? मी आपली म्हणत होते, या बाईला स्वतःचे बूट कुठे काढलेत ते आठवत नाही. फुलं बघितली आणि रडूच आलं बघ मला."

महनूशनं तोंड उघडलं. आणि तिच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते असं, "असू दे हो बीबी, त्यात काय."

हे 'त्यात काय' तिला फार महागात पडलं.

कारण दुसऱ्या दिवसापासून घराची हवाच बदलली. बीबीनं न सांगता बारबोदला आंघोळ घातली. ढीगभर भाजी निवडून ठेवली. इस्फहानच्या लेकीला फोनवर सांगताना तर मुद्दाम आवाज चढवला, "तू त्यांच्या पोटची, पण फुलं कोण नेतं? परक्याची पोर!" महनूश भिंतीआड उभी राहून ऐकत होती, हातातला टॉवेल पिळत. असं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. गोड लागत होतं, आणि घशात अडकतही होतं.

पुढच्या खेपेला तिनं हुशारी केली. बुधवारीच धडपडत जुडी मिळवली, बरणीत घातली, खिडकीत ठेवली, आणि चहा ओतायला वळली. तेवढ्यात बीबी आत आली.

"अगंबाई, आजच आणलीस? बरं केलंस, गुरुवारी फुलवाले माजतात." आणि बरणी उचलून फ्रिजमध्ये, दह्याशेजारी. "उद्यापर्यंत टवटवीत राहतील."

महनूश चहाचा पेला घेऊन फ्रिजच्या बंद दाराकडे बघत राहिली. पाय हलत होता.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तिनं जुडी लपवलीच. न्हाणीघरात, धुण्याच्या टोपलीमागे. पण नर्गिस लपवणं म्हणजे रडतं मूल लपवणं. बारबोद आत गेला आणि ओरडत बाहेर आला, "बीबी! न्हाणीघरात कबरस्तानाचा वास येतोय!" बीबीनं फुलं शोधून काढली, आणि सुनेकडे अशा काही मायेनं बघितलं, की महनूशला वाटलं जमीन दुभंगावी.

"वेडी आहेस. गुपचूप आणतेस होय? दानधर्म लपवून करावा हे खरं, पण माझ्यापासून कशाला गं लपवायचं?"

मग महनूशला स्वतःचीच लाज वाटायला लागली. कारखान्यात दात बसवता बसवता ती सासऱ्याशी भांडायची. मनूचेहर आगा, तुम्ही हयातीत कधी फूल आणलं नाहीत घरात. खरबूज आणायचात, ते दाबून दाबून निवडायचात, आणि इतरांनी दाबलं की रागवायचात. मग आता का तुम्हाला दर आठवड्याला नर्गिस? आणि लगेच मनात, शी! मेलेल्या माणसाचा हेवा करतेय मी. एकदा याच नादात तिनं कुणाच्या तरी कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. मुकादमानं ती कवळी हातात नाचवत विचारलं, "खानम, हा माणूस हसणार आहे की चावणार आहे?"

खरं सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण खरं सांगितलं तर ते दोन हातांत तोंड धरणं जाणार, नावाची हाक जाणार. आणि नाही सांगितलं तर खिडकीतली बरणी रिकामी. जीव असा दोन्हीकडून ओढला जात होता.

हिवाळा सरत आला. नर्गिसचे शेवटचे दिवस. महनूशनं चौकात जुडी घेतली, कामाच्या कोटात गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. घराशी येते तर बीबी बूट घालून, हलव्याचं ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली.

"अक़दसच्या लेकाची गाडी गॅरेजात गेली. आज तू ने मला. पोरांनाही घे, आजोबांची कबर विसरतील नाहीतर."

सगळे गाडीत कोंबले गेले. पहिलं वळण घेईपर्यंत वास पुढं येऊन बसला.

"आणलीस ना?" बीबी डोळे मिटून हसली. "मला माहीत होतं."

कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं ओरडतायत, बाया डबे उघडतायत, कुणी रडतंय, कुणी शेजारच्या कबरीवाल्यांना भाचीसाठी स्थळ सुचवतंय. मनूचेहर आगांच्या शेजारी अक़दस खानमचे यजमान. दोघी बाया तिथं इतक्या वर्षांच्या शेजारणी होत्या, की कबरींच्या मधल्या पट्टीवर त्यांची सतरंजी कायमची ठरलेली. अक़दस टॅक्सी करून आधीच पोचली होती.

"ही माझी सून," बीबी म्हणाली, आणि सतरंजीवर ऐसपैस बसली. "कवळ्या करते, दोन पोरं, नवरा समुद्रावर. तरी एक गुरुवार चुकवला नाही."

"देव सगळ्यांना अशी सून देवो," अक़दस म्हणाली. "माझी मला म्हणाली, फुलं वाया जातात. तिला म्हटलं, तूही जातेसच की."

रास्तानं डब्यातलं पाणी दगडावर ओतलं, बीबीनं तळहातानं अक्षरं पुसली. कबर दुमजली होती, खाली मनूचेहर आगा, आणि वरचा मजला बीबीसाठी राखून ठेवलेला. ती दगड असा पुसायची, जसं कुणी स्वतःच्या घराचं जोतं पुसतं. दोन बोटं टेकवून तिनं फातिहाची प्रार्थना म्हटली. मग जुडीचा कागद सोडला. आता ती पाकळ्या खुडणार आणि दगडभर पसरणार. बीबीचा एक नियम होता, तो घरातल्या पोरांनाही पाठ होता. कबरीला लागलेलं फूल परत घरी न्यायचं नाही, मग ते फुललेलं असो की मिटलेलं.

बीबीची बोटं पहिल्या फुलावर गेली.

"नको!" महनूश म्हणाली.

एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या कबरीवरचा माणूस खजूर तोंडाशी धरून थांबला.

"बीबी, खुडू नका. ती... ती माझी आहेत."

"तुझीच आहेत की. तूच आणलीस."

"तसं नव्हे. माझ्यासाठी आणली. पहिल्यापासून. एकदाही त्यांच्यासाठी आणली नव्हती मी." आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "खिडकीत ठेवायची होती. चहा पिताना बघायला. दुसरं काही नाही. तुम्ही नेलीत, मला बोलता आलं नाही, तुम्ही मुका घेतलात मग तर..."

अक़दस खानमनं हलव्याच्या ताटात इतकं बारकाईनं बघायला सुरुवात केली, जणू त्यात काही लिहिलंय.

जुडी बीबीच्या हातात, दगडाच्या वीतभर वर. महनूशला वाटलं, आता सोडेल. सोडली तर संपलं.

"म्हणजे," बीबी म्हणाली, "इतके गुरुवार मी यांना जे सांगत होते, ते खोटं?"

"हो."

"सून तुमची आठवण काढते, असं म्हणत होते मी."

"आठवण काढत होते," महनूश म्हणाली. "भांडत होते त्यांच्याशी."

बीबीच्या तोंडाचा कोपरा हलला की नाही, ते महनूशला कळलं नाही. बीबीनं कागद पुन्हा गुंडाळला, जुडी मांडीवर घेतली आणि गुलाबपाण्याची बाटली तेवढी दगडावर रिकामी केली. परतीच्या वाटेवर तिनं जुडी मांडीवरून हलवली नाही. महनूशनं दोनदा चुकीचा गिअर टाकला. मागं बारबोद एकटाच गात होता.

घरी आल्यावर बीबी कोट न काढता स्वयंपाकघरात गेली. लोणच्याची बरणी विसळली, फुलं घातली, खिडकीत ठेवली. मग त्या एकुलत्या एक खुर्चीवर स्वतःच बसली.

महनूश दारात उभी. तिला हसावं की रडावं कळेना.

"काय बघतेस? चहा आण. दोन पेले." बीबीनं फुलांकडे तोंड केलं. "मला उभ्या आयुष्यात कुणी फूल आणलं नाही. त्यांनी खरबुजं आणली. मी वरच्या मजल्यावर राहायला गेले की तू आणशीलच, चार लोकांत बरं दिसावं म्हणून. तर तेव्हाची राहू दे. आत्ताच आणत जा. त्यांचं काय, त्यांना गुलाबपाणी पुरे."

"आणि माझी?" महनूश म्हणाली. या वेळी म्हणालीच.

"खुर्ची नाही म्हणून रडतेस काय? ते स्टूल ओढ."

स्टुलाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगत होतं. चहा गरम होता. महनूशनं पहिला घोट घेतला तोच न्हाणीघरातून हाक आली, "मामाऽन! साबण डोळ्यात गेला!" ती अर्धी उठली. बीबीचा हात तिच्या गुडघ्यावर पडला, जड, अजून गुलाबपाण्यानं ओलसर.

"रास्ता आहे तिथं. ओरडू दे. मी जिथं राहायला जाणार आहे तिथं कुणी ओरडत नाही."

मग थोड्या वेळानं, फुलांवरून नजर न काढता,

"आणि महनूश, तो पाय हलवायचा थांबव. माझा चहा सांडतोय."

महनूशनं पायाकडे बघितलं. तो हलतच होता. तिनं पेला दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळ्या हातानं बरणी किंचित, अगदी बोटभर, स्वतःकडे सरकवली.