खिडकीखाली आडवे झालेले कपाट

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, हे कसले कपाट, हा तर खिडकीखालचा बाक. तुमचे बरोबर आहे. पण लाकूड तेच आहे आणि आठवणीही माझ्याच आहेत.

माझा जन्म बाल्कनच्या डोंगरातल्या एका खेड्यात झाला. तिथे नेदको नावाचा सुतार राहत असे. त्याच्या अंगणातला अक्रोड एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने उन्मळून पडला. नेदकोने त्याच्या फळ्या पाडल्या आणि तीन वर्षे माळ्यावर सुकू दिल्या. घाई हा त्याचा स्वभाव नव्हता. त्याची एकुलती एक मुलगी राइना हिचे लग्न ठरले, तेव्हा त्याने त्या फळ्या खाली काढल्या. खाचेत खाच बसवून, लाकडी खुंट्या ठोकून त्याने मला उभे केले. राइना त्याच्याजवळ बसून खुंट्या तासून देत असे. दोन दारे, एका दाराच्या आतून उंच आरसा, खाली दोन खोल खण. गावातले लोक मला बघायला येत आणि बोटांनी कोरीवकाम चाचपत. मला तेव्हापासूनच थोडा गर्व जडला.

नेदकोने मला खेड्यातल्या घरासाठी बनवले होते. पण राइनाच्या नवऱ्याला, स्तोइलला, दोनच वर्षांत रुसे शहरातल्या जहाजाच्या गोदीत काम मिळाले आणि राहायला पाचव्या मजल्यावरचे घर. एक खोली, चिंचोळे स्वयंपाकघर आणि त्याहून चिंचोळी बाल्कनी. मी लिफ्टमध्ये मावेना. सहा माणसांनी मला जिन्याने वर चढवले. स्तोइलने खोलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बायकोला हळूच विचारले की हे तिच्या बाबांना परत पाठवले तर ते रागावतील का. राइना माझे दार उघडून चादरी आत रचू लागली. मी खिडकीशेजारी उभे राहिले, ते पुढे बावन्न वर्षे.

त्या वर्षांत मी काय काय पोटात घेतले! स्तोइलचे जाड कोट, राइनाने शिवलेल्या गोधड्या, लग्नातल्या चादरी, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या. सप्टेंबर आला की बाल्कनीत मिरच्या भाजल्या जात आणि त्यांचा वास हिवाळाभर माझ्या फळ्यांत राहत असे. त्यांची मुलगी झ्लातिना लहानपणी माझ्या आत कोटांमध्ये लपून बसे. पाहुणे आले की माझेच कौतुक आधी होई.

मात्र एक गोष्ट मला तेव्हा दिसत नव्हती. मी अर्धी खिडकी अडवत होते. माझ्या आणि पलंगाच्या मधून जाताना सगळ्यांना अंग चोरून आडवे चालावे लागे. टेबलाला जागाच नव्हती, म्हणून झ्लातिना पलंगावर पोटावर पडून अभ्यास करी. दिवसाही दिवा लावावा लागे. समोरच्या घरातली पेन्का, राइनाची मैत्रीण, कॉफी प्यायला आली की टोमणा मारायची.

"राइना, या घरात कपाट राहतं. तू आपली त्याच्याकडे पाहुणी म्हणून आलीयेस."

राइना हसायची. मीही ते कौतुकच समजत होते.

झ्लातिना मोठी झाली, समुद्रकाठच्या वार्ना शहरात नोकरीला गेली आणि तिथेच संसाराला लागली. स्तोइल गेला. त्याचे कोट माझ्यात तसेच टांगलेले राहिले. मग एका जानेवारीत राइना इमारतीच्या पायऱ्यांजवळच्या बर्फावरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. ती महिनाभर दवाखान्यात होती. घरात मी, माझ्यातली बेचाळीस बरण्यांची रांग आणि शांतता.

ती परत आली ती वॉकर धरून. झ्लातिना तीन आठवड्यांची रजा काढून सोबत आली होती. पहिल्याच दिवशी कळले की वॉकर माझ्या आणि पलंगाच्या मधून जात नाही. झ्लातिनाने पलंग भिंतीला घट्ट सरकवला. तरी जाईना. न्हाणीघराचे दार आत उघडायचे, त्यामुळे तिथेही वॉकर दारात अडे. मुलगी आईला आधार देऊन नेत होती, पण तीन आठवड्यांनी कोण नेणार? झ्लातिनाने आईला वार्नाला चलण्याचा आग्रह केला. नाहीतर रुसेतच एक वृद्धाश्रम आहे, तिथे खोली रिकामी आहे, असेही तिने खाली बघत सांगितले. राइनाने दोन्हीला नकार दिला. इथे पेन्का आहे, बाजार आहे, इथून लिंडनची झाडे दिसतात, आणि समुद्राच्या वाऱ्याने आपले डोके दुखते, असे तिचे म्हणणे.

तेव्हा झ्लातिनाने कालिनाला बोलावले. कालिना लहान घरे नीट लावून देण्याचे काम करायची. तिशीची, आखूड केसांची, खिशात मोजायची फीत आणि खडू. मला वाटले ती आधी माझे कौतुक करील. तिने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. तिने राइनाला सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगायला लावले. मग वॉकर घेऊन तसे चालायला लावले आणि राइना जिथे जिथे अडली तिथे फरशीवर खडूने खूण केली. सात खुणा झाल्या. त्यातल्या चार माझ्या पायाशी होत्या.

"आजी, घर काही इतकं लहान नाही," कालिना म्हणाली. "पण चालायची वाटच अडलीये. हे कपाट इथून निघालं पाहिजे."

"माझ्या बाबांनी केलंय ते."

"दिसतंय. असं काम आता कुणी करत नाही."

"मग आधी मला बाहेर काढ, पोरी, आणि मग त्याला."

कालिनाने वाद घातला नाही. हे फेकायचे नाही, याच लाकडातून दुसरे काही करता येईल, एवढे तिने सांगितले आणि कागदावर चित्र काढून ठेवून गेली. राइनाने तो कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

मित्रांनो, त्या दिवशी मला राइनाचा अभिमान वाटला. माझी बाजू घेणारे कुणी आहे, असे वाटले. पण चौथ्या दिवशी जे घडले त्यानंतर तो अभिमान उरला नाही.

दुपारची वेळ होती. झ्लातिना औषधे आणायला गेली होती. राइनाला लघवीसाठी न्हाणीघरात जायचे होते. ती उठली, वॉकर तिरपा धरून माझ्या कडेने सरकू लागली आणि वॉकरचा एक पाय माझ्या खालच्या कोरीव पट्टीत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. हात सोडला तर पडेल. तिने एकदा ओढून पाहिले, दोनदा पाहिले. मग ती थांबली. तिला धीर निघाला नाही. तिचा स्कर्ट, मोजे, फरशी, सगळे ओले झाले. कपाळ माझ्या दाराला टेकून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. तिचा श्वास माझ्या लाकडाला लागत होता. मी सरकू शकले असते तर सरकले असते. नुसते उभे राहणे एवढेच मला येत होते.

झ्लातिना आली, तिने आईला सोडवले, स्वच्छ केले, कोरडे कपडे घातले. चहा झाल्यावर राइना म्हणाली, "त्या मुलीला बोलाव. माझं मन बदलायच्या आत बोलाव."

कालिना मार्चच्या सुरुवातीला करवत घेऊन आली. तोवर राइना आणि पेन्का यांनी मला रिकामे केले होते. स्तोइलचे दोन कोट पेन्काच्या भावाला गेले, एक राइनाने ठेवला. बरण्यांपैकी निम्म्या इमारतीत वाटल्या. चादरींच्या घड्या मोजताना पेन्का म्हणाली की एवढ्यात तर सगळ्या गल्लीला गुंडाळता येईल. राइना तेव्हा बऱ्याच दिवसांनी हसली.

कालिनाने करवत उचलली, तेव्हा राइनाने खुर्ची माझ्यासमोर ओढायला सांगितली.

"करवत ठेव खाली. यात एक खिळा नाही. खुंट्या कुठे आहेत मला माहीत आहे. हातोडी दे इकडे."

मग तिने स्वतः बोटाने चाचपून एकेक खुंटी दाखवली. वाकता येईल तिथल्या तिने ठोकून काढल्या, बाकीच्या कालिनाने. अर्ध्या शतकानंतर माझे सांधे सुटले. मला दुखेल असे वाटले होते. तसे काही झाले नाही. उलट, खूप दिवस आवळून धरलेली मूठ सैल व्हावी तसे वाटले. शेवटची फळी निघाली तेव्हा मागच्या भिंतीवर हिरव्या रंगाचा मोठा चौकोन दिसला. मला इथे आणण्याआधी स्तोइलने दिलेला रंग. बाकी भिंती केव्हाच धुरकट झाल्या होत्या. राइना त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी हा रंग विसरलेच होते." आणि सगळ्या भिंतींना तसलाच, पण फिकट हिरवा रंग लावायला सांगितला.

माझ्या बाजूच्या फळ्यांचा खिडकीखाली लांब बाक झाला. कालिनाने तो राइनाच्या गुडघ्यापेक्षा चार बोटे उंच केला, म्हणजे उठताना खुब्याला त्रास नको. आत झाकणाखाली गोधड्या गेल्या. माझे एक दार भिंतीला बिजागरीने टांगले. जेवताना खाली ओढले की टेबल, वर केले की भिंत. उरलेल्या लाकडाची कंबरेच्या उंचीवर एक अरुंद फळी झाली, तिच्यावर बरण्या. वाकायचे नाही, चढायचे नाही. आरसा खिडकीसमोर लावला. न्हाणीघराला सरकते दार बसले. जाड पडदे गेले, पातळ आले.

झ्लातिनाची रजा केव्हाच संपली होती. पेन्का रोज ये-जा करत होती. जूनमध्ये झ्लातिना पुन्हा आली. तिच्या हातात मोठी रिकामी बॅग होती. आईला या वेळी नेलेच पाहिजे, असे तिने वार्नाहून निघतानाच ठरवले होते, हे तिने नंतर सांगितले.

घंटा वाजली. राइना बाकावरून उठली, वॉकर धरून खोलीतून चालत गेली आणि तिने स्वतः दार उघडले. झ्लातिना जोडे काढायचे विसरून आत आली. खोलीभर ऊन होते. आरशात लिंडनची झाडे होती, ती फुलली होती.

"भिंत पाडली का?" तिने विचारले.

"कुठली भिंत? बस, बानित्सा गरम आहे."

राइनाने भिंतीवरचे टेबल खाली ओढले, ताटल्यांत ती चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा वाढली, फिरून दही आणले आणि एकदाही कुठे अडली नाही. झ्लातिना माझ्यावर बसून आईला बघत होती. तिने हळूहळू खाल्ले. मग ती म्हणाली, "आई, माझ्या घरात तुला इतकं फिरता नाही येणार."

"मला माहीत आहे," राइना म्हणाली. "तू येत जा."

रिकामी बॅग रिकामी गेली नाही. राइनाने तिच्यात चादरी आणि उरलेल्या मिरच्या भरून दिल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी असेल. मोठे, जुने, सगळ्यांचे लाडके. त्याला टाकून देऊ नका. पण त्याच्यापायी तुमच्यातले कुणी अंग चोरून चालत असेल, तर त्याला हलवायला, सोडवायला, दुसरे काही करायला भिऊ नका. आम्हाला राग येत नाही. आम्हाला फक्त स्वतःहून सरकता येत नाही, ते तुम्हालाच करावे लागते. आणि करताना आम्ही कसे जोडले आहोत, ते ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा.

राइना दुपारी माझ्यावर बसून लिंडनच्या फुलांचा चहा पिते. बावन्न वर्षे मी तिचे कपडे सांभाळले, पण तिचा भार कधी माझ्यावर आला नव्हता. ती किती हलकी आहे, हे मला आत्ता कळते आहे.