थोरलीच्या हातचं कुंकू

दुसरी बायको करायला कायद्याची बंदी आहे म्हणे! असेल बाबा. पण कायदा काय सगुणाबाईच्या चुलीपाशी येऊन बसणार होता? तिला नातू हवा होता आणि तिची सून कुसा वांझ निघाली होती. निदान अख्ख्या भावकीला तेवढंच ठाऊक होतं.

खरं ठाऊक होतं ते नवराबायकोलाच. अंबडच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर गोरक्ष कुसाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी दोघांनाही तपासलं आणि सांगितलं, बाईत काही खोट नाही, मूल होणार नाही ते गोरक्षमुळे. त्या दिवशी इंदिरानगरच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसला, जेवेना. कुसाला त्याची दया आली. तिनेच सांगितलं, नाव माझं घ्या, माझं काय जातंय! वेडीला वाटलं, नवऱ्याची अब्रू राखली की संसार राखला.

मग कुणाचं डोहाळजेवण असो की बारसं, कुसा आपली मागे पोळ्या लाटायला. ओटी भरायला तिला कुणी हाक मारीना. तेही तिने गिळलं. पण सासूने दुसरीचा विषय काढला, तेव्हा गोरक्ष नाही म्हणाला नाही. "बघू," म्हणाला. ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. आज बोलेल, उद्या बोलेल, अशी ती वाट बघायची आणि तो डबा उचलून कामावर जायचा.

शेवटी कळवणकडच्या गेणूतात्याची गोजरा ठरली. आई नसलेली पोर, बाप सवतीवरही द्यायला तयार. त्यांच्यात रीत अशी, की अशा मुलीला थोरलीने आपल्या हाताने कुंकू लावायचं, मगच सुपारी फोडायची. थोरलीचा राग नाही, हे चारचौघांना दिसलं पाहिजे ना!

गेणूतात्याच्या घरी बैठक जमली आणि गोजरा पाटावर येऊन बसली. कुसाने करंड्यात बोट घातलं, तशी पोर हळूच म्हणाली, "ताई, मला सांभाळून घ्याल ना?"

कुसाचं बोट तिथंच थांबलं. आणखी चार वर्षांनी हीच पोर मागे पोळ्या लाटत बसणार आणि सासू तिसरी शोधायला निघणार. तिने गोरक्षकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

तिने बोट पदराला पुसलं. "तात्या, पोर देऊ नका. मूल होत नाही ते माझ्यामुळे नाही."

सगुणाबाई ताडकन उठली. हे खोटं निघालं तर इथूनच माहेरची वाट धर, असं तिने सुनेला बजावलं आणि लेकाला विचारलं. सगळी बैठक त्याच्याकडे बघू लागली. त्याने नुसती नकाराची मान हलवली असती तरी कुसा संपली होती. वांझेचं कोण खरं मानतं?

गोरक्षचा अंगठा थांबला. मग म्हणाला, "आई, ती खरं बोलती. खोट माझ्यात हाय."

सुपारी न फोडताच मंडळी एसटीने परतली. पुढे कित्येक दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मग शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण निघालं. कुसा सवयीने मागच्या दाराकडे वळली, तर म्हातारीने सगळ्यांदेखत तिला हाक मारली.

"कुसा, इकडं ये. पहिली ओटी तू भर."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारीने असे डोळे वटारले की कुणाची ब्र काढायची छाती झाली नाही. कुसाने त्या पोरीच्या पदरात तांदूळ, खण, नारळ घातला.

घरी आल्यावर गोरक्षने विचारलं, कुणी काही बोललं का. ती नाही म्हणाली आणि हंबरडा फोडून रडली. इतकी वर्षं त्याची लाज सांभाळण्यात मुलासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. गोरक्षने तिला गप्प केलं नाही. तिच्याजवळ बसून तोही रडला.