एक सूत आत

अविनाशने ती गाडी घरी आणली तेव्हा ती गाडी आहे हे लोकांना सांगावं लागत होतं. अडुसष्टच्या पुरात नानपुऱ्यातल्या एका पारशी डॉक्टरच्या अंगणात ती टपापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर डॉक्टरने तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन वर्षं ती चिंचेखाली पडून राहिली, आत मांजरी व्याल्या, आणि गंजाने खालचा पत्रा पापडासारखा झाला. डॉक्टरचं खातं अविनाशच्या बँकेत होतं. बोलता बोलता डॉक्टर म्हणाला, नेतोस तर ने, माझं अंगण मोकळं होईल. अविनाशने ती बैलगाडीच्या मागे बांधून उधन्याला आपल्या चाळीत आणली.

छोटी विलायती गाडी. तिचा मागचा अख्खा दरवाजा काचेसकट वर उघडायचा, म्हणून चाळीने तिला पेटी म्हणायला सुरुवात केली. चालवणार कोण, असं कोणी विचारलं की शेजारचा धुडकू सांगायचा की चालवायची नाही, आत गोधड्या ठेवायच्या आहेत.

अंजनाबाईलाही तेव्हा हसू आलं होतं. अविनाश तिचा धाकटा दीर. सहा वर्षांचा असताना डांग्या खोकल्याने निळा पडलेला पोर तिच्या मांडीवर आला, तो तिथेच वाढला. तिला स्वतःचं मूल झालं नाही. आता तो सव्वीस वर्षांचा, बँकेत कारकून. त्याला मोटारीचा नाद लागला तेव्हा तिला वाटलं, बरं आहे, दुसरा कुठला नाद नाही. पण एके दिवशी जेवताना त्याने सांगितलं की गाडी रस्त्यासाठी नाहीच, शर्यतीसाठी आहे. शहराबाहेर लढाईच्या वेळची विमानाची धावपट्टी पडीक होती. मोटारवाल्यांची एक मंडळी तिथे दर फेब्रुवारीत शर्यत लावायची. दोन टोकांना पिंपं ठेवायची, त्यांना वळसा घालून आठ फेऱ्या. अंजनाबाईचा घास तोंडातच राहिला. त्या दिवसापासून ती त्याला सारखी म्हणायची, मला भीती वाटते.

तरी तिने काम टाळलं नाही. उलट, जे आपल्या हाताखालून जाईल ते तरी धड होईल, असं तिला वाटायचं. ती आणि तिचा नवरा सुकदेव दोघंही कापडाच्या कारखान्यात. तो साच्यावर, म्हणजे मागावर, विणायचा, ती धाग्याच्या कांड्या भरायची. पाळी सुटली की दोघं अंगणात गाडीपाशी बसत. घासलेटात विटेचा तुकडा बुडवून ती गंज खरवडायची. सुकदेवने सडलेला तळ कापून नवा पत्रा बसवून आणला. मागची बैठक काढली, दारांचं अस्तर काढलं, टपाखाली लोखंडी नळीची कमान घातली. ती कमान कशाला, असं अंजनाबाईने विचारलं तेव्हा अविनाश म्हणाला, शोभेला. पुढे दुसऱ्या कोणाकडून तिला कळलं की गाडी उलटली तर टप डोक्यावर बसू नये म्हणून ती असते. मग ती त्या कमानीचा एकेक जोड रोज हाताने हलवून बघायला लागली.

यंत्राचं ज्ञान होतं ते एकट्या काशीराम मिस्त्रीला. तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात घालवलेला म्हातारा, दोन खोल्या सोडून राहायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तो पिकेपर्यंत डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. तो अंगणात खाटेवर बसून तोंडाने सांगायचा आणि बाकीच्यांनी करायचं. अविनाश बँकेत असला की सांगितलेलं विसरू नये म्हणून अंजनाबाई ते वहीत लिहून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी विहारातल्या प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. पत्र लिहावं असं तिला कोणी नव्हतं, तेव्हा ही वही म्हणजेच तिचं पहिलं लिहिणं. अविनाश संध्याकाळी ती वही मोठ्याने वाचायचा, एक शब्द न बदलता तसंच करायचा. तिला त्याचा फार मान वाटायचा.

शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी काशीरामने शेवटचं काम सांगितलं. पुढची दोन चाकं अगदी समोरासमोर ठेवायची नसतात. पुढच्या बाजूने ती एकमेकांकडे जराशी झुकलेली हवीत. अंजनाबाईने लिहिलं : पुढची चाकं, पुढून एक सूत आत. जास्त नको.

अविनाशला उशीर होणार होता, म्हणून ते काम तिने आणि सुकदेवनेच केलं. तिने पिळाचा पांढरा धागा आणला आणि चारी चाकांभोवती ताणून बांधला. अशी सरळ रेघ तिला रोजच्या सवयीची. सुकदेव गाडीखाली झोपून आडवी दांडी फिरवत होता, आणि ती पुढे उकिडवी बसून सांगत होती, अजून, अजून, बस. शेवटी चाकाच्या पुढच्या कडेला बरोबर एका धाग्याच्या जाडीएवढा फरक राहिला. तिने बोट फिरवून पाहिलं. कांडी भरताना एक पदर कमी-जास्त झाला तर डोळे मिटून तिला कळायचं.

"सूत धरलं का?" खाटेवरून काशीरामने विचारलं.

"धरलं, बाबा."

"बरोबर एक?"

"एकच."

म्हातारा समाधानाने बिडी पेटवून बसला.

शनिवारी अविनाशने गाडी रस्त्यावर फिरवून आणली. कशी आहे, असं तिने विचारलं. छान आहे, म्हणाला, आणि हात धुवायला गेला. ते हात धुणं तिला जरा लांबल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी चौघंही धावपट्टीवर पोचले. थंडी होती. सात गाड्या आल्या होत्या. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, पिंपाच्या मागे, कोरडा नाला होता, आणि त्याच्या काठाने दगड रचलेले. अंजनाबाईने उतरल्या उतरल्या आधी ते दगड पाहिले, मग बाकीचं.

शर्यतीआधी प्रत्येकाला दोन फेऱ्या सरावाच्या. पेटी निघाली, आवाज चांगला होता. सुकदेव कौतुकाने मान डोलवत होता. पण लांब सरळ पट्ट्यावर वेग वाढला तसं गाडीचं तोंड भटकायला लागलं. जरा डावीकडे, मग एकदम उजवीकडे, वास काढत चाललेल्या कुत्र्यासारखं. नाल्याच्या बाजूला तिने असा एक झोका घेतला की अंजनाबाईने सुकदेवचा दंड धरला. मग गाडी सावरली, पिंपाला वळली आणि परत आली.

अविनाश खाली उतरला आणि त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. तो कधी खिशात हात घालत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"वारा आहे जरा," तो म्हणाला.

वारा नव्हता. शेजारच्या गाडीवर लावलेलं निशाण फडक्यासारखं खाली लोंबत होतं.

सुकदेवने चाकांच्या रबरातली हवा पाहिली. काशीरामने विचारलं, चाकं नीट लावली होती ना? अंजनाबाईने सांगितलं, तुम्ही सांगितलं तसंच, बाबा. अर्ध्या तासाने शिट्टी होणार होती. अविनाश वाऱ्याचं बोलून बसला होता, आता त्याला ते मागे घेता येत नव्हतं, आणि तिला त्याच्या तोंडातून ते काढून घेता येत नव्हतं. जाऊ नकोस म्हणावं, तर कशाच्या जोरावर? मला भीती वाटते, हे तर ती दीड वर्षं म्हणत होती.

ती पाणी आणायला म्हणून उठली. वाटेत शेजारच्या गाडीचा मिस्त्री, ठाकोरभाई नावाचा जाडजूड माणूस, गुडघे टेकून आपल्या पुढच्या चाकांशी काहीतरी करत होता. त्याने दोन लाकडी पट्ट्या एकावर एक धरल्या होत्या. चाकांच्या मागच्या कडांमधलं अंतर घेऊन त्याने पेन्सिलीने खूण केली, मग पुढच्या कडांमधलं अंतर घेऊन दुसरी. मग दोन खुणांच्या मध्ये त्याने फूटपट्टी लावली.

"एक दोरो," तो आपल्या माणसाला म्हणाला. "बराबर छे."

अंजनाबाई थांबली. दोरो म्हणजे दोरा. गुजरातीत सुताला हे लोक दोरोच म्हणतात. पण त्याच्या हातात दोरा नव्हता. पेन्सिलीच्या दोन खुणांच्या मध्ये गव्हाचा दाणा आडवा बसला असता, एवढी जागा होती.

"ठाकोरभाई, आ दोरो केटलो?" तिने विचारलं.

त्याने वर पाहिलं. बाईमाणसाने असं विचारावं याचं त्याला नवल वाटलं, पण त्याने फूटपट्टी पुढे केली आणि इंचाच्या आतल्या बारीक रेघांवर नख ठेवलं. एका इंचात असे आठ. एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंत एक घर, आणि एक घर म्हणजे एक दोरो. तुमच्यात याला सूत म्हणतात ना, बेन?

विहारात गुरुजींनी रेघा मारायला तिला अशीच पट्टी दिली होती. तिच्यावरचे आकडे तिने वाचले होते. आकड्यांच्या मधल्या रेघा वाचायच्या असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पाण्याचा तांब्या तिथेच राहिला. ती परत फिरली. वही पिशवीत होती. अविनाश चाळीत सगळ्यांना सांगायचा की वहिनीच्या वहीवर गाडी उभी राहिली. आणि आता त्या वहीतल्या एका शब्दाने तो नाल्याच्या दगडांकडे निघाला होता. गप्प बसली तर कोणाला काही कळणार नव्हतं. हेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि आलं याचीच तिला जास्त भीती वाटली.

काशीरामपाशी जाऊन तिने दोन नखांमध्ये तेवढंच अंतर धरून ती त्याच्या तळहातावर टेकवली. "बाबा, तुमचं सूत एवढं?"

"हो. तेवढंच."

तिने पिशवीतून तो पांढरा धागा काढून त्याच्या बोटांत दिला. "मी एवढं धरलं."

म्हाताऱ्याने धागा चाचपला. तो अंगठ्याखाली आहे की नाही हेसुद्धा त्याला पुन्हा चाचपून बघावं लागलं. मग त्याचा चेहरा उतरला. वेगात चाकं बाहेर फाकायला बघतात, म्हणून ती आधीच आत दाबून ठेवायची असतात, आणि आपल्या गाडीत तर दाबलेलीच नाहीत, असं तो पुटपुटला. मग म्हणाला, चूक माझी, मी मिलवाल्यांना सूत सांगितलं.

अविनाश ऐकत उभा होता.

"सूत मन्हं चुकनं, अवी," ती म्हणाली. घरची बोली तिच्या तोंडून आपोआप आली. "तुला काल कळलं होतं ना?"

तो खाली बघत होता. "जाणवलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"सूत तुम्ही लावलं होतं, वहिनी. मी काय बोलू?"

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण हात उचलायला वेळ नव्हता. सुकदेव पाना घेऊन आधीच गाडीखाली शिरला होता, आणि माझी बायको धागा मोजते, म्हातारा बिडी मोजतो, मरायला हा एकटाच, असं काहीतरी स्वतःशी बडबडत होता. ठाकोरभाईने न मागता लाकडी पट्ट्या आणि फूटपट्टी आणून दिली. काशीराम अंजनाबाईला म्हणाला, मला दिसत नाही, वाचायचं तू. अविनाशने पट्ट्या धरल्या, तिने खुणा केल्या. दांडी जरा फिरली. पहिल्यांदा दीड घर आलं. परत. मग अर्धं. रेघा एकमेकींत मिसळत होत्या. तिने डोळे मिटून घेतले, उघडले, आणि एकेका रेघेवर नख टेकवत, वर्गात अक्षरांवर टेकवायची तसं, वाचलं.

"एक."

"बरोबर एक?" काशीरामने विचारलं.

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. गाड्या रांगेत लावायची शिट्टी झाली होती.

"एक," ती म्हणाली.

सरावाची फेरी आता मिळणार नव्हती. काशीरामने प्रामाणिकपणे सांगितलं की आता सरळ जाईल असं मला वाटतं, पण चालवून पाहिल्याशिवाय देवालाही सांगता येणार नाही. नाही गेलास तरी चालेल, असं सुकदेव म्हणाला. अविनाशने अंजनाबाईकडे पाहिलं. दीड वर्षं ती या क्षणाची वाट पाहत होती. नाही म्हण, तो ऐकेल. पण नाही म्हटलं तर आपण वाचलेलं आपल्यालाच खरं वाटत नाही असं होईल, आणि त्यालाही तसंच वाटेल.

"पहिली फेरी हळू घे," ती म्हणाली. "भटकली तर बाजूला हो. वाऱ्याचं सांगू नकोस."

तो गेला. सगळ्यांच्या शेवटी.

तिने तो पांढरा धागा डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, एका फेरीला एक वेढा. पहिल्या फेरीत पेटी मागे पडली, लोक हसले, तिला बरं वाटलं. दुसऱ्या फेरीला लांब पट्ट्यावर आवाज चढला. दगडांच्या दिशेने गाडी लहान लहान होत गेली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. वळली. तिसरी. चौथीला दुसऱ्या एका गाडीची धूळ उडाली आणि क्षणभर काहीच दिसेना. तिने वेढा इतका ओढला की बोट पांढरं पडलं. धुळीतून पेटी बाहेर आली. काशीराम सारखा विचारत होता, कशी जाते, कशी जाते, आणि सुकदेव सांगत होता, जाते, बाबा, जाते.

आठ वेढे झाले. अविनाश सातात पाचवा आला.

तो उतरला तेव्हा त्याचे हात बाहेर होते. काशीरामने त्याला बाजूला घेऊन काय काय विचारलं. शेवटच्या फेरीत लांब पट्ट्यावर मी क्षणभर हात सोडले होते, सरळ गेली, असं तो हळूच म्हणाला. पण तिच्या कानावर ते गेलंच. तिने आता त्याच्या पाठीत धपाटा घातला, चांगला आवाज झाला, आणि ठाकोरभाईने मान फिरवून घेतली.

मग अविनाशने तिचं बोट पाहिलं. धागा मांसात रुतला होता, टोक जांभळं पडलं होतं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि नखाने टोक शोधून एकेक वेढा सोडवायला लागला.

"आठ आहेत ना?" तिने विचारलं.

त्याने मोजले. "नऊ आहेत, वहिनी."

"एक कालचा," ती म्हणाली. "छान आहे म्हणालास, त्या फेरीचा."