मैनाबाईंचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला दोन शिक्षकांची एक शाळा आहे. तिच्या मोठ्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून मी उभा असतो. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं असं तुम्हाला वाटत असेल. पण मी रागावलेला आहे, आणि रागातच सांगणार आहे.

सखा सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. गावाने मला शाळेला दिलं ते पाहुण्यांना बसण्यासाठी. पण माझ्यावर सर्वांत जास्त बसल्या त्या मुख्याध्यापिका मैनाबाई.

तेव्हा कडावचा संतोष या वर्गावर नवा शिक्षक म्हणून आला होता. मिशीही धड फुटली नव्हती. तो फळ्याकडे तोंड करून शिकवायचा आणि पाठीमागे पोरं चिंचा खायची. मैनाबाई आपल्या वर्गातल्या मुलांना काम देऊन रोज थोडा वेळ माझ्यावर येऊन बसत. मध्ये एक शब्द बोलत नसत. शाळा सुटली की त्याला शेजारी बसवून घेत.

"संतोष, फळ्याला गणित येतंय रं. पोरांना सांग."

एकदा तो रडवेला होऊन म्हणाला, "बाई, मला नाय जमणार. मी नोकरी सोडतो."

"सोड की. पण आधी उद्याचा हातचा कसा शिकवशील, ते मला दाव."

आणि त्याने दाखवलं. वर्षभर त्या अशाच बसत राहिल्या. वर्ष संपता संपता संतोष वर्गात शिरला की पोरं आपोआप पुढे सरकू लागली. मैनाबाई निवृत्त झाल्या, त्या निरोपाच्या दिवशी तो माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "खरा शिक्षक मी या बाकावर झालो." तो दिवस माझ्या अभिमानाचा होता.

मग संतोषसर मुख्याध्यापक झाले आणि माझ्यावर खिचडीच्या तांदळाची पोती रचली गेली. नवीन नावाचे एक सर आले, वर्षभरात गेले. नम्रताबाई आल्या. त्यांच्या गाण्याने भिंतीसुद्धा जाग्या व्हायच्या. त्याही गेल्या. दोघांच्याही वर्गात संतोषसर कधी येऊन बसले नाहीत. पोत्यांखालून मी सगळं बघत होतो.

यंदा दहिवलीच्या अक्षदाबाई आल्या. पहिली ते चौथी, सगळी मुलं त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडली, कारण सरांना म्हणे ऑनलाइन माहिती भरायची असते. वाडीवरच्या लहान मुलांची बोली बाईंना कळेना, बाईंची मुलांना कळेना. एके दिवशी त्या म्हणाल्या, "सर, थोडा वेळ वर्गात बसाल का? माझं कुठे चुकतंय तेच कळत नाहीये."

सर मोबाइलवरून मानही वर न करता म्हणाले, "मॅडम, आम्हाला कोणी शिकवलं नाही. आपलं आपण शिकलो."

मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी लाकूड आहे. ओरडता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. पहिलीतला गजा वाचताना अडखळला. संतोषसर सगळ्या मुलांसमोर हसून म्हणाले, "मॅडम नवीन आहेत, त्यांना झेपत नाही." अक्षदाबाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

दारात गजाची आई शकू उभी होती. संतोषसरांच्या पहिल्या वर्षी ती याच वर्गात शिकत होती. ती सरळ आत आली.

"सर, मैनाबाई बसायच्या की या बाकावर! तुमी रडला व्हता, आमी सगळी पोरं खिडकीतून बघत व्हतो. मग या बाईंसाठी कोण बसतंय?"

साहेबांनी चष्मा पुसला. सरांचा चेहरा तांबडालाल झाला आणि ते बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पोती उतरवली आणि माझ्यावर बसले. आधी मोबाइल बघत बसले. मग मोबाइल खिशात गेला. सुट्टीत त्यांनी बाईंना हाक मारली, "अक्षदा मॅडम, गजाला त्याच्या बोलीतले चार शब्द फळ्यावर लिहून द्या. तिथून सुरुवात करू."

अक्षदाबाई टिकल्या. गजा आता वाचतो. म्हणून माझा राग गेला असं समजू नका. नवीनसर खालापूरकडे एका कारखान्यात लागलेत. नम्रताबाई आता कुठेच शिकवत नाहीत, पण त्यांचं बेडकाचं गाणं मुलं अजून म्हणतात. ते कानावर आलं की मला संतोषसरांचं 'आम्हाला कोणी शिकवलं नाही' हे वाक्य आठवतं आणि माझ्या फळ्या तडतडतात.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या शाळेत, दुकानात, कारखान्यात कोणी नवं माणूस बावरून उभं असेल. त्याला हसू नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि तुम्हाला कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर त्यांचं नाव गिळू नका. मोठ्याने सांगा.